कार्यालयापासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावले

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी सहा

प्रार्थना झाली. चहा झाला. काल आलेले पत्र पुन्हा वाचले. सडक अर्जुनी येथे २९ तारखेला भरणाऱ्या जिल्हा ख्रिस्ती तरुण मेळाव्यात प्रबंध वाचण्याचा मान मला मिळाला आहे. विषय : ‘तरुणांच्या सेवेत कार्यालयीन काम आणि वैयक्तिक नातेसंबंध यांचा समतोल’. नऊ वर्षे मी तरुण संघाचा मानद सचिव आहे. त्यापूर्वी एकतीस वर्षे मुख्याध्यापक होतो. निवड करणाऱ्यांना विवेक आहे.

सौ. सुशीलेला विषय वाचून दाखवला. त्या हसल्या. कारण विचारता म्हणाल्या की पोळी करपली. पोळी करपली नव्हती.

संकल्प : आजपासून कार्यालय सायंकाळी सहाला बंद. कार्यालय म्हणजे आमचीच पुढची खोली. तिच्यापासून स्वयंपाकघर चौदा पावलांवर आहे, आज मोजले. सहानंतरचा सर्व वेळ कुटुंबासाठी.

रात्री आठ. पत्राचे स्वीकारपत्र लिहिण्यात थोडा उशीर झाला. संकल्प उद्यापासून.

२ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर फाटकाशी सात जण उभे होते. प्रत्येकाला माझ्याशीच बोलायचे होते. त्यांत वीरेंद्र होता. हा मुलगा सालेकशाचा, रेल्वेत सिग्नल विभागात आहे, गिटार वाजवतो, आणि आमच्या संघाचे सूत्रसंचालन करतो. म्हणाला, “सर, जरा बोलायचं होतं. घरगुती आहे.” तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी माझी बाही धरली. वीरेंद्र मागे सरला. विनम्र मुलगा.

घरी येऊन विचार केला. माणसे कमी नाहीत, प्रेम कमी नाही. कमी आहे ती पद्धत. बायबलातल्या त्या वाळवंटात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा निवाडा करीत बसलेल्या जावयाला त्याच्या सासऱ्याने जो उपदेश केला, त्याचे सार व्यवस्था हेच होते. माझे सासरे हयात नाहीत. व्यवस्था मलाच करावी लागेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

संबंध-नोंदवही सुरू केली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. स्तंभ आखले : अनुक्रमांक, नाव, नाते, भेटीचा विषय, भेटीचा दिनांक, शेरा. यापुढे प्रत्येकाने कागदावर अर्ज द्यायचा. अर्जावर ‘प्राप्त’ शिक्का बसेल. क्रमाने भेट मिळेल. देवाजवळ पक्षपात नाही, मग त्याच्या सेवकाजवळ का असावा? तसा फलक दारावर लावला.

आचल रुग्णालयातून रात्रपाळी करून आली. ती परिचारिका आहे, सत्ताविसावे लागले. फलक वाचून दारातच थांबली. “पप्पा, मलाही अर्ज?” असे विचारले. मी समजावले की मुलगी म्हणून सवलत दिली तर उद्या तरुण माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील.  तिने कागद मागितला, भिंतीला टेकवून उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या, पाकिटात घालून दिल्या. शिक्का मारला. अनुक्रमांक एक. नाते : कन्या. विषय : पाकीट उघडल्यावर भरावा.

मुलीची शिस्त पाहून डोळे भरून आले. पाकीट ट्रेमध्ये ठेवले. भेटी प्रबंधानंतर क्रमाने सुरू होतील. ज्यांना गावाला जायची घाई आहे त्यांचा मात्र अपवाद.

सायं. ६.४०. कार्यालय बंद. चाळीस मिनिटे म्हणजे फार नव्हे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वीरेंद्र (अनुक्रमांक चार) यास गाडीची अडचण असल्याने आजच साडेपाचची वेळ दिली होती. सालेकशाहून आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि नोव्हेंबर असूनही कपाळावर घाम. आचलने पाणी आणले. मग पुन्हा आणले. तिसऱ्यांदाही आणले. मुलाला तहान फार असते, हे शेऱ्यात नोंदवले.

तो बोलणार इतक्यात मला सुचले की प्रबंधाची प्रस्तावना कुणा तरुणाच्या कानांवरून गेली पाहिजे. वाचली. पन्नास मिनिटे झाली. नातेसंबंधांत ‘ऐकणे’ किती महत्त्वाचे, या परिच्छेदाशी तो दोनदा “सर” म्हणाला. भाग त्याला भिडला असावा. शेवटी म्हणाला, “सर, माझी गाडी.” दाराशी चपला घालताना घाईघाईने सांगून गेला की त्याची बदली झाली आहे, पाच जानेवारीला बिलासपूरला हजर व्हायचे आहे, आणि त्याआधी सगळे ठरले पाहिजे, कारण आई एकटी आहे आणि नंतर वर्षभर रजा नाही. मी म्हटले, काळजी नको. बिलासपूरला माझा एक जुना सहकारी राहतो, भाड्याची खोली मिळवून देईल.

त्याने उजवी चप्पल डाव्या पायात घातली. कृतज्ञता कधी कधी भान हिरावून घेते.

शेरा : भेट समाधानकारक.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी जेवताना प्रबंधाचे टिपण तपासत होतो. सौ. बराच वेळ काही सांगत होत्या. आचलचे नाव आले, वीरेंद्रचे आले, ‘मुलगा चांगला आहे’ असेही आले. मी तीन ठिकाणी ‘हो’ आणि एका ठिकाणी ‘उत्तम’ म्हटले. शेवटी त्या म्हणाल्या, “आचलचे पप्पा, मी आता काय सांगितलं ते सांगा बरं.” मी म्हटले, भाजी उत्तम झाली आहे. त्या उठून गेल्या.

स्त्रिया स्तुतीने संकोचतात. एकूण संवाद फलदायी. नोंदवहीत ‘पत्नी, सोमवार, २० मिनिटे’ असे भरले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. रात्री नऊ

आज सालेकशाहून रुख्माबाई आल्या, वीरेंद्रच्या मातोश्री. धान कापणीचे दिवस, तरी एक दिवस मोडून आल्या. हातात नव्या तांदळाची पिशवी, अंगावर ठेवणीतले लुगडे. “जय मसीह की,” म्हणाल्या आणि सरळ आत निघाल्या. मी खुर्ची दाखवली आणि अर्जाचा नमुना पुढे केला.

त्यांनी नमुना उलटसुलट केला. म्हणाल्या, “हे काय जी? काऊन फारम भराचा? मी त तुमच्याच घरी आली.”

मी नियम सांगितला.

“मी पोरासाठी आली जी. दोन शब्द बोलाचे हाय. दोन शब्दाले कागद कायले?”

मी म्हटले, बाई, तुमचे दोन शब्द आणि दुसऱ्याचे दोन शब्द यांत मला भेद करता येत नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “माहा नवरा मले मागाले आला तवा त माह्या बापानं त्याले खाटेवर बसवलं, पानी देल्लं. तुमी लिवूनच राहिले.” तरीही नमुन्यावर सही केली, अक्षर वळणदार आहे. मी विषयाच्या स्तंभात लिहिले : ‘पालक, मुलासंबंधी’. ट्रे भरलेला, शिवाय धान कापणी संपल्यावरची तारीख त्यांनाच सोयीची. ३ डिसेंबर दिली, चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला.

चिठ्ठी कनवटीला लावून त्या स्वयंपाकघराकडे गेल्या. तिथे बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते. पालकांचे समाधान हीच आमची मिळकत.

पिशवीची नोंद आवक रजिस्टरला केली : तांदूळ, नवा, अंदाजे पाच किलो, पाठवणाऱ्याचा हेतू नमूद नाही. सायंकाळी सौ. नी त्याची खीर केली. एरवी घरात खीर सणाशिवाय होत नाही. विचारायचे राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रबंध बावीस पानांवर आला. ‘कागद हा सेवेचा दास आहे, स्वामी नव्हे’ हे वाक्य साधले. त्याची स्वच्छ प्रत तीनदा काढली.

घरातील कागदपत्रेही आता स्वाक्षरीच्या फोल्डरमधूनच यावीत, असा नियम गेल्या आठवड्यात केला होता. आज सौ. नी फोल्डर आणून समोर ठेवला आणि म्हणाल्या, “एवढं तरी वाचून सही करा.” मी सांगितले की न वाचता सही करणे हे माझ्या चारित्र्यात नाही. बेचाळीस कागद होते. अकरा मिनिटांत संपवले.

दुपारी पाळकसाहेबांचा फोन. दुर्गाप्रसाद पाळक वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पण तीन गावच्या मंडळ्या सांभाळतात, आणि मंडळीचा पदसिद्ध ज्येष्ठ म्हणून मला ‘वडील’ म्हणतात. म्हणाले, “वडील, कागद मिळाला. तुमची सही पाहिली. मनापासून आहे ना?” मी म्हटले, माझ्या प्रत्येक सहीमागे मन असते. ते फार आनंदले. म्हणाले, मग तीस तारखेला पहिली पुकार वाचू; पण त्या दिवशी ते चिचगडला असतील, तेव्हा सूचना मलाच वाचाव्या लागतील. ‘पुकार’ म्हणजे ठरलेल्या लग्नाची नावे तीन रविवारी उपासनेत वाचायची, आणि कुणाची हरकत असल्यास बोलण्यासाठी क्षणभर थांबायचे. मी आनंदाने होकार दिला. कुणाचे लग्न, हे विचारणे औचित्याचे वाटले नाही, कागदावर असेलच.

सायं. ७.५०. कार्यालय बंद करण्याची वेळ सहा असावी की सात, याचा पुनर्विचार आवश्यक.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रबंध एकतीस पाने. वडिलाने स्वतःच्या घराची व्यवस्था नीट ठेवलेली असावी, ही मंडळीची जुनी अट. तिच्यावर चार पाने झाली. उदाहरण म्हणून स्वतःचेच घर घेतले. नम्रतेने, नाव न घेता.

आचल आणि सौ. बाजारातून आल्या. पांढरी शुभ्र साडी, चंदेरी काठ. नाताळच्या गायनमंडळासाठी असावी. एकच का आणली, हे विचारणार होतो, पण एकोणिसाव्या पानावर एक शब्द अडला होता.

आचल रात्री जेवताना म्हणाली, “पप्पा, माझा नंबर कधी येईल?” मी म्हटले, मेळावा झाला की. पहिला क्रमांक तुझाच आहे, विसरलेलो नाही. ती म्हणाली, “बरं.” भात तसाच ठेवून उठली. रात्रपाळीने भूक मरते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री नऊ

मेळावा अपेक्षेपेक्षा यशस्वी. मंडप महामार्गालगत असल्याने दर अर्ध्या मिनिटाला एक ट्रक जात होता. तरीही पावणेदोन तास वाचले. मागच्या बाजूचे काही तरुण डोळे मिटून ऐकत होते. मननाची ती सवय मला आवडते. सूत्रसंचालन वीरेंद्रचे. 

शेवटी प्रश्न. भूमिका नावाची देवरीकडची एक शिक्षिका उठली आणि म्हणाली, “सर, पेपर छान होता. तुम्ही घरच्यांशी कागद हातात न घेता शेवटचं कधी बोललात?” मंडप हसला. मी उत्तर दिले की माझ्या घरी एकही विषय प्रलंबित नाही. वीरेंद्रने माईक एकदम खाली केला. त्यामुळे पुढचे वाक्य कुणाला ऐकू गेले नाही. यंत्रे ऐन वेळी दगा देतात.

३० नोव्हेंबर, रविवार. रात्री आठ

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मेणबत्ती लागली. सूचना वाचायला उभा राहिलो. सूचनांचा कागद वेदीजवळच्या मेजावर होता, पाळकसाहेबांच्या अक्षरात. आधी नजर टाकायची होती. कालच्या अभिनंदनाची उत्तरे देण्यात सकाळ गेली.

वाचले : “गोंदिया मंडळीचे वडील श्री. दुलीचंद व सौ. सुशीलाबाई यांची कन्या आचल...”

इथे मला वाटले की पाळकसाहेबांनी गडबडीत माझे नाव चुकीच्या जागी लिहिले. एकतीस वर्षे परिपत्रके वाचण्याची सवय. आवाज थांबला नाही. “...आणि सालेकसा मंडळीच्या श्रीमती रुख्माबाई यांचे चिरंजीव वीरेंद्र, यांचा पवित्र विवाह २९ डिसेंबर रोजी योजिला आहे. या विवाहास कुणाची रास्त हरकत असल्यास त्याने आत्ता कळवावे. ही पहिली पुकार.”

नियमाप्रमाणे थांबलो.

त्या शांततेत अर्थ पोहोचला. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. वीरेंद्रच्या बोटाखाली गिटारची एक तार आपोआप वाजली. सौ. तिसऱ्या बाकावर चष्मा पुसत होत्या. आचल गायनमंडळात पुढेच उभी होती, आणि हसत नव्हती. तिच्या नजरेत हरकत होती, विवाहाला नव्हे.

हरकत घेण्याचा अधिकार मंडळीतल्या कुणालाही असतो. वाचणाऱ्याला असतो का, याविषयी नियम आठवेना. आणि मला हरकत होती असेही नाही. मुलगा लाखात एक. फक्त काही बोलायला हवे होते. तेवढे बोललो असतो तर पुरले असते.

मी वाचले : “पुढील सूचना. संडे स्कूलच्या मुलांनी मेंढपाळांच्या काठ्या घरून आणाव्यात.”

उपासनेनंतर सर्वांनी माझा हात हातात घेतला. मी सांगत राहिलो की मला हे पूर्वीपासून ठाऊक होते, अंतःकरणात होतेच. पाचव्या वेळी माझा मलाही विश्वास बसू लागला.

सायंकाळी फोल्डर काढला. पालकांच्या संमतीच्या कागदाची स्थळप्रत. दिनांक अठरा. सही माझीच, ठळक, खाली रेघ ओढलेली. कार्यालयीन दृष्ट्या कुठेही त्रुटी नाही.

आचलला विचारले, मला सांगितले का नाहीस. ती इस्त्री करीत होती. वर न पाहता म्हणाली, “नंबर आला नाही ना, पप्पा.”

१ डिसेंबर, सोमवार

दिवसभर संबंध-नोंदवहीत सुधारणा. ‘तातडीचे’ असा नवा स्तंभ आखला. रेघ वाकडी आली.

सौ. ना म्हटले की तुम्ही तरी स्पष्ट सांगायचे होते. त्या म्हणाल्या, “स्पष्टच सांगितलं होतं. तुम्ही ‘उत्तम’ म्हणालात. पोरगी एकच म्हणते, सहीचा कागद पप्पांचा आहे, पप्पांचा होकार कुठे आहे.” मी म्हटले, सही म्हणजेच होकार. त्या कणीक मळत राहिल्या; नेहमीपेक्षा जोराने.

३ डिसेंबर, बुधवार. सायं. साडेसहा

सकाळी बरोबर अकरा वाजता रुख्माबाई दारात. कनवटीची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. “आज माहा लंबर हाय जी, ईवाईबुवा.” मुलामुलीच्या सासऱ्याला इकडे ईवाई म्हणतात. मला प्रथमच कुणी म्हटले. मी खाटेसाठी इकडेतिकडे पाहिले. कार्यालयात खाट नाही. खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत. “तुमाले आता काय सांगाचं? माईकवरून तुमीच सांगितलं. मी ईवाईनीकडे जातो,” म्हणून आत गेल्या. अनुक्रमांक बारा निकाली.

मग खोलीत मी आणि ट्रे. सतरा अर्ज. क्रमानेच घ्यायचे ठरले होते, म्हणून सर्वांत खालचे पाकीट काढले. तीन नोव्हेंबरचा शिक्का. आज बरोबर महिना झाला. उघडले.

‘पप्पा, मला वीरेंद्रशी लग्न करायचं आहे, तुम्ही हो म्हणालात तर. सही नको, तोंडाने सांगा. आचल.’

पुन्हा वाचले. दोन बहिणींच्या घरी गुरू आले होते, एक कामात गुंतली आणि दुसरी पायाशी बसली, या कथेवर मी चाळीस वर्षे प्रवचने केली. कामात गुंतलेल्या बहिणीविषयी मी दरवेळी जरा कठोर बोलत आलो.

उठलो. चौदा पावले.

स्वयंपाकघरात तिघी होत्या. आचल फोनवर होती. पलीकडे वीरेंद्र असावा, कारण ती कोपऱ्यात तोंड करून बोलत होती. मला पाहून तिने बोटे वर केली : पाच मिनिटे. मी म्हटले, थांबतो. रुख्माबाई म्हणाल्या, “बसा जी. येते लंबर.” सौ. नी पाट सरकवला आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची परात पुढे ठेवली. शेंगा सोलत बसलो. पाचाची पंचवीस मिनिटे झाली. कुणी नोंद घेतली नाही.

आचलने फोन ठेवला. मी म्हटले, “हो.”

“कशाला हो, पप्पा?”

तेव्हा पूर्ण वाक्य सांगावे लागले. मेळाव्यात एकतीस पाने वाचताना जीभ कुठे अडली नव्हती. इथे कागद नव्हता, आणि ‘तुझ्या लग्नाला माझा मनापासून होकार आहे’ एवढे म्हणताना दोनदा अडलो. ‘होकार’च्या पुढचा शब्द तर आलाच नाही. आचल माझ्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, “एवढंच पाहिजे होतं.” मग माझ्या खांद्यावर डोके ठेवून थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. यास कोणता स्तंभ लागू होतो, ते ठरलेले नाही.

सौ. नी पातेले उचलले, आत पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले. दाणे मी कचऱ्याच्या टोपलीत टाकले होते, आणि टरफले पातेल्यात. रुख्माबाई पदर तोंडाशी धरून हसत म्हणाल्या, “राहू द्या जी, तुमी सहीच करत जा.”

सर्व पुन्हा निवडायला चौघे बसलो. दुपार त्यातच गेली.

आज कार्यालय दिवसभर उघडे आणि रिकामे राहिले. कोण कोण येऊन परत गेले असेल, या काळजीने सहा वाजता पाहून आलो. दारापाशी एकही चिठ्ठी नव्हती. कुणी आलेच नव्हते.